गाऱ्हाणं घालणाऱ्याचं मौन

माझा आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला आहे. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कधी ताटकळला असाल तर नक्कीच. "लांज्याला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी दारात गर्दी करू नये," हे खिडकीमागून ओरडून सांगणारा नियंत्रक तो मी. माझं तोंड कुणी ओळखत नाही, पण बाजारात कोथिंबिरीचा भाव विचारला की बाई वर बघते आणि म्हणते, "तुम्ही स्टँडवरचे ना?" माझ्यापुढे माइक असतो, पण तो बंद पडला तरी माझं काही अडायचं नाही. 'अडायचं नाही' हे भूतकाळातलंच म्हणायला हवं, कारण मागच्या दिवाळीनंतर माझा आवाज बसला आणि आलं, मध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं तरी उठेना.

शेवटी डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि समोरच्या टीव्हीवर मला माझाच गळा दाखवला. स्वरतंतूंवर समोरासमोर दोन गाठी, तांदळाच्या कणीएवढ्या.

"या ओरडण्याच्या गाठी," डॉक्टर म्हणाले. "मास्तरांना होतात, गाणाऱ्यांना होतात, भाजीवाल्यांना होतात. आता दहा-पंधरा दिवस तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं ताण वाढतो. एवढं करूनही गाठी गेल्या नाहीत तर ऑपरेशन. आणि त्यानंतर आवाज कसा येईल, ते मी आत्ता सांगू शकत नाही."

स्टँडचं मला काही वाटलं नाही. तिथं माइक आहे, माझ्या जागी बसायला दुसरा माणूस आहे. धास्ती घेतली ती शिमग्याची. शिमग्यात आमच्या गावच्या देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या मध्यावरच्या चिऱ्याच्या चौथऱ्यावर, येऊन बसते. तेव्हा सगळ्या गावाच्या वतीनं देवाकडे मोठ्यानं मागणं मागायचं असतं. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एकानं वाक्य टाकायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. हा मान आमच्या घराकडे आहे. आधी आजोबा, मग वडील, आणि ते गेल्यापासून मी. मुंबईहून आलेले चाकरमानी हात उंच करून माझं गाऱ्हाणं मोबाइलवर घेतात. ते खाडीपलीकडे ऐकू जातं असं लोक म्हणतात, आणि ते खोटं आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. शिमगा दीड महिन्यावर आला होता. आवाज नाही आला तर देवापुढे उभा राहणार कोण? आणि मी उभा राहिलो नाही, तर मी गावात नक्की कोण?

"घरात तुम्ही गप्प बसणार?" बायकोनं विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तशी तिनं बोट रोखलं. "हे बघा! आत्ता दहा मिनिटं झाली डॉक्टरांकडून येऊन."

तिच्या भजनमंडळातली एक बाई जयगडच्या वाटेवरच्या एका आश्रमात मौन शिबिर करून आली होती. दहा दिवस, राहणं-जेवण तिथंच, बोलायला सक्त मनाई. बायकोनं परस्पर फोन करून माझं नाव घातलं. "तुम्हाला ध्यान लागो न लागो," ती बॅग भरताना म्हणाली, "तोंडाला कुलूप तर लागेल. आणि दहा दिवस माझ्या कानांना पण आराम."

मला देव कळतो, पण ध्यान कळत नाही. आमचा देव ढोल वाजल्याशिवाय जागचा हलत नाही. डोळे मिटून गप्प बसणाऱ्यांचा देव त्यांच्याशी काय बोलतो, कसा बोलतो, हे बघायची उत्सुकता मात्र होती. खोटं कशाला सांगू, घाबरलेलो होतो तरी गंमत वाटत होती.

आश्रम कातळावर होता. चहूकडे काळाकरडा जांभा, माघातलं वाळलेलं गवत, एका अंगाला मोहोरलेल्या कलमांची बाग आणि खाली, बऱ्याच खाली, समुद्र. दारातच एका सेवेकरी बाईंनी फोन घेतला, घड्याळ घेतलं, वही-पेन घेतलं आणि शर्टाला पिनेनं एक बिल्ला लावला. त्यावर लिहिलेलं, 'मौन'. आम्ही नव्वदेक जण होतो. सगळे बिल्ला लावून, मान खाली घालून, दाराशी चपला ओळीत काढत होतो. लग्नाच्या मांडवात वऱ्हाड यावं आणि कुणी कुणाला ओळख देऊ नये, तसला प्रकार.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, न बोलणं अवघड नाही. न विचारणं अवघड आहे. कोकणातला माणूस समोरच्याला पाणी देण्याआधी गाव विचारतो. कुठले? कुणाचे? म्हणजे त्या पुलाखालच्या घरातले का? मग तुमची आत्या आमच्या वाडीत दिलेली! एवढं झालं की आम्हाला बसल्या जागी बरं वाटतं. इथं नव्वद माणसं, आणि एकाचंही गाव ठाऊक नाही. पहिल्या दोन दिवसांत मला ध्यानात दिसलं काय, तर पुढच्या माणसाची मान. हा सुपारी खाणारा असणार. तो बँकेतला असणार. ती निळ्या साडीतली बाई सुनेशी भांडून आलेली असणार, कारण श्वास सोडताना ती दर वेळी मान झटकते.

सगळ्यात छळलं ते माझ्या खोलीतल्या जोडीदारानं. साठीच्या पुढचा, काळा, काटक, मिश्या पांढऱ्या. पहाटे चारला उठवायची घंटा व्हायची, पण हा त्याआधीच अंथरुणात ताठ बसलेला असे. उठला की खोलीच्या तीन खिडक्या डावीकडून उजवीकडे ओळीनं उघडायचा, मग दाराबाहेर जाऊन आभाळाकडे बघायचा. पहिल्या दिवशी मी ठरवलं, हा तांडेल. होडीवरचा माणूसच असं आभाळ बघतो. दुसऱ्या दिवशी त्यानं चादरीची घडी अशी काही घातली की चारी कोपरे एकावर एक. मग ठरवलं, पोलिसातला. पण एक गोष्ट कशातच बसेना. आश्रमाची घंटा झाली की हा माणूस कपाळाला आठ्या घालायचा. दर वेळी! जेवणाची घंटा झाली तरी आठ्या. भूक लागलेल्या माणसाला जेवणाच्या घंटेचा राग का यावा, हे मी डोळे मिटून पाऊण पाऊण तास शोधत बसलो. शिबिर घेणारे स्वामीजी सांगायचे, श्वासाकडे लक्ष द्या. माझं लक्ष त्या आठ्यांकडे.

श्वासाचीही एक गंमत झाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ध्यानात बसलो असताना खालच्या कोळीवाड्यातून वारा वर आला आणि त्याच्याबरोबर सुके बोंबील भाजल्याचा वास. चार दिवस आम्ही पेज, मुगाची उसळ आणि दुधीवर होतो. काय सांगू, सगळ्या सभागृहानं एकदम असा दीर्घ श्वास घेतला की स्वामीजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांना वाटलं, मंडळींना जमायला लागलं. ते होते घाटावरचे, जन्माचे शाकाहारी. त्यांना कोण सांगणार? सांगायला तोंड कुठं होतं?

पण एक कबूल करतो. पाचव्या दिवसापासून काहीतरी बदललं. कान मोठे झाले. लांबच्या चढावर एसटी गिअर बदलते तो आवाज मला सभागृहात बसून यायचा आणि मी मनात म्हणायचो, आज जयगड गाडी लेट आहे. मोहोरावर माश्या किती बडबडतात, ते मला या वयात पहिल्यांदा ऐकू आलं. इतकी वर्षं मी सकाळपासून रात्रीपर्यंत आवाज बाहेर टाकत होतो, आत काही घेतच नव्हतो बहुधा. गळाही हलका वाटायला लागला. गिळताना टोचत नव्हतं. मी खूश होतो. रोज रात्री अंथरुणावर पडलो की ओठ न हलवता मनातल्या मनात गाऱ्हाण्याची उजळणी करायचो आणि मनातला आवाज खणखणीत यायचा.

सातव्या दिवशी घात झाला.

आश्रमात फक्त स्वामीजी बोलत, तेही संध्याकाळी वीसेक मिनिटं. त्या संध्याकाळी ते म्हणाले, आज ध्यानाच्या शेवटी आपण घरच्या माणसांसाठी मागू या. सगळ्यांनी हात जोडा, डोळे मिटा. आणि त्यांनी सावकाश सुरू केलं. "हे दयाघना, ही तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी बसलेली आहेत." मग थांबले. माझ्या अंगावर काटा आला. "यांची घरंदारं, मुलंबाळं सुखात ठेव." परत थांबले. आता बघा, त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यांच्याकडे असं थांबलं की लोक मनात नमस्कार करत असतील. आमच्याकडे देवापुढे कुणी असं मागून थांबलं, तर ती जागा मोकळी सोडता येत नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे ते. सभागृहात अस्वस्थ चुळबुळ झाली, मला ऐकू आली. स्वामीजी म्हणाले, "वाटेवर असलेल्यांना सुखरूप घरी आण."

"व्हय महाराजा!"

अख्खं सभागृह गरजलं. निम्मे म्हणा, पण गरजले. सात दिवसांचं साठलेलं होतं, पत्र्यावरची कबुतरं उडाली. स्वामीजींनी दचकून डोळे उघडले. "हे काय होतं?" त्यांनी विचारलं. कोण उत्तर देणार? सगळ्यांना एकदम मौन आठवलेलं. नव्वद माणसं हात जोडून, ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, कुणीतरी सांगा!" ते म्हणाले. कुणी हूं की चूं केलं नाही. मग निळ्या साडीतल्या बाईंचे खांदे हलायला लागले, आणि तिथून हसू सगळीकडे पसरलं, नुसतं खांद्याखांद्यांतून, आवाज न करता. शेवटी स्वामीजीही हसले.

मी हसलो नाही. कारण मीही ओरडलो होतो. सवयीनं, पोटातून जोर लावून, देवासमोर ओरडतो तसा. तोंड पूर्ण उघडलं होतं. आणि आवाज आलाच नव्हता. घोगरा नाही, चिरका नाही, काहीच नाही. नुसती हवा.

शेजारी बसलेल्या माझ्या जोडीदारानं ते पाहिलं. माझ्या उघड्या तोंडाकडे त्यानं क्षणभर बघितलं आणि चटकन नजर वळवली. मी खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो आणि रडलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, उशीत तोंड घालून. लाज वाटली, पण थांबता येईना. सात दिवस गप्प बसून मी गाठी जिरवायला आलो होतो आणि मूळ आवाजच घालवून बसलो. बाकी कशासाठी नाही, शिमग्यात चुलतभाऊ नारळ हातात घेऊन माझ्या जागेवर उभा राहील आणि मी गर्दीत उभा असेन, ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

आठव्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेलो आणि सेवेकरी बाईंकडे हातानं फोनची खूण केली. मला डॉक्टरांना दाखवायला जायचं होतं. त्यांनी पाटी पुढे केली. मी लिहिलं, 'आवाज गेला.' त्यांनी वाचलं, शांतपणे पुसलं आणि खाली लिहिलं, 'इथे सगळ्यांचाच गेलाय. दोन दिवस थांबा.' असा संताप आला! ती पाटी आपटावीशी वाटली. पण संताप बोलून दाखवायला तरी गळा लागतो, म्हणून तसाच परत येऊन जागेवर बसलो.

त्या दिवसापासून माझा जोडीदार विचित्र वागायला लागला. जेवणात नाचणीचा लाडू आला की स्वतःचा माझ्या ताटात ठेवायचा. माझी चादर स्वतः घडी करायचा. पहाटे माझ्या उशाशी गरम पाण्याचा तांब्या. त्याच्या डोळ्यांत इतकी माया असायची की मला अवघडल्यासारखं व्हायचं. हा माझ्यावर एवढा का द्रवलाय? नवा प्रश्न, आणि विचारायची सोय नाही. खरं सांगतो, त्या दोन दिवसांत रडू आवरलं ते या कोड्यामुळं.

दहाव्या दिवशी न्याहारीनंतर मौन सुटलं. आणि मग जो काही गलका उठला, तो हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीच्या लिलावाला उठत नसेल. कुठले? कुणाचे? अहो मग तुम्ही आमचेच! मी खांबाला टेकून उभा होतो, तोंड मिटून. बोलायची परवानगी होती, बोलून बघायचा धीर नव्हता.

जोडीदार शोधत शोधत आला. दहा दिवसांचा तो गंभीर माणूस असा काही बडबडायला लागला की बस. राजापूरकडच्या एका शाळेत शिपाई होता, आयुष्यभर घंटा दिली. "आणि ही इथली पोरं घंटा काय देतात हो! तीन टोले द्यायचे तर अडीच देतात. माझं डोकं उठत होतं!" घ्या, आठ्यांचा उलगडा झाला. त्याला माझ्या उत्तराची गरजच नव्हती. मग तो एकदम हळवा झाला, माझा हात हातात घेतला आणि तोंड मोठमोठ्यानं हलवत, बहिऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, "तुमचं मात्र कौतुक आहे. मी सातव्या दिवशी बघितलं. देवानं वाचा दिली नाय, तरी तुम्ही 'व्हय महाराजा' म्हणायला तोंड उघडलंत. मी घरी सगळ्यांना सांगणार, मुका माणूस मौनाला आला होता!"

"नाय ओ," मी म्हणालो. "मी मुका नाय."

आवाज आला. माझ्याच कानाला अनोळखी, बारीक, मऊ, हातभर अंतरापलीकडे न जाणारा. पण आला. जोडीदारानं आ वासला. मग म्हणाला, "अरे देवा, आणि मी तुम्हाला तीन लाडू दिले!"

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं.

डॉक्टरांनी परत नळी घातली. गाठी जवळजवळ गेल्या होत्या, ऑपरेशन टळलं. सातव्या दिवशी आवाज कुठं गेला होता, हे विचारलं, तर म्हणाले, विश्रांतीतल्या गळ्यावर एकदम जोर टाकलात, तो मिटून गेला. दुसरं काय होणार? आणि मग चष्मा काढून त्यांनी खरं ते सांगितलं. "आता जो आवाज आहे, तो तुमचा आवाज. ओरडायचं कायमचं बंद. ओरडलात की गाठी परत येणार." मी विचारलं, वर्षातून एकदा, दहा मिनिटं? ते म्हणाले, "एकदाही नाही."

गावात बैठक झाली. मी माइकचं सुचवलं, तर म्हातारी मंडळी भडकली. देवाला काय माइकवरून बोलायचं, ती काय एसटी आहे? चुलतभाऊ भला माणूस आहे, तो म्हणाला, "दादा, मी घालतो यंदा. मान तुझाच, आवाज माझा." त्यात काही वाईट नव्हतं. मलाच ते सोसेना. मी म्हणालो, जेवढा आवाज आहे तेवढ्यात मीच घालीन. आयकू नाय आलं, तर पुढच्या वर्षी तू.

पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. मी नारळ हातात धरून उभा राहिलो. समोर सगळा गाव, मुंबईकर, पोरंटोरं. नेहमी गाऱ्हाणं चाललेलं असतं तेव्हा मागं गप्पा चालतात, पोरं पिपाण्या वाजवतात, मोटारसायकली चालू असतात. त्या सगळ्यावर मात करायची, तीच तर मर्दुमकी. मी म्हणालो, "हे देवा महाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या दारात उभी आहेत."

पुढच्या दोन ओळींनी "व्हय महाराजा" म्हटलं. मागून ओरडा आला, "आयकू येत नाय!" माझ्या कानशिलांवरून घाम ओघळला. चुलतभाऊ अर्धं पाऊल पुढे आला. तेवढ्यात मागंच कुणीतरी कुणालातरी दटावलं, "गप रे, तो बोलतोय." कुणीतरी मोटारसायकल बंद केली. पिपाणी थांबली. मी पुढचं वाक्य म्हटलं आणि माणसं एक पाऊल जवळ आली. आणखी एक वाक्य, आणखी एक पाऊल. "ज्यांची मुलं पोटापाण्यासाठी लांब गेली आहेत, त्यांची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळ, महाराजा." मी ते वाक्य दर वर्षी म्हणत आलोय, वडिलांकडून शिकलेलं, पाठ. यंदा जोर लावायचा नव्हता, म्हणून शब्द एकेक करून म्हणावे लागले. समोर माझी चुलत आत्या बसली होती, गावातली सगळ्यात वयस्कर. तिचा मुलगा मुंबईला, तीन शिमगे आला नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला. आणि मग जे "व्हय महाराजा" झालं, ते सगळ्या गावाचं झालं, पण कुणीच ओरडलं नाही.

गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला, ढोल सुरू झाले. मी आत्याच्या पाया पडायला वाकलो, तशी तिनं माझा कान धरला, लहानपणी धरायची तसा.

"मेल्या," ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तू देवाला दटावतोस. आज मागितलंस."